पुस्तकातलं ताट आणि रोजचं ताट

मराठीत पाककृतींच्या पुस्तकांना तोटा नाही. दिवाळीच्या तोंडावर फराळाच्या पुस्तिका येतात, श्रावणात उपवासाच्या. मुलांच्या डब्याची, मधुमेहींसाठीची, मायक्रोवेव्हची पुस्तकं तर वर्षभर निघतच असतात. एवढं असूनही उद्या एखाद्या अभ्यासकाने फक्त ही पुस्तकं समोर ठेवून विसाव्या शतकातला मराठी माणूस साध्या मंगळवारी दुपारी काय जेवत होता हे शोधायचं म्हटलं, तर त्याचा अंदाज साफ चुकेल. त्याला वाटेल, या प्रांतात लोक आलटून-पालटून पुरणपोळी, मसालेभात, अळूवड्या आणि बासुंदी खात होते आणि मधूनमधून आमटी-भात. ज्वारी-बाजरीच्या मुलखात माणसं कशावर जगली, कोरड्यास काय होतं, जेठ-आषाढात भाजी नसताना ताटात काय पडायचं, रात्री उरलेल्या भाकरीचं सकाळी काय व्हायचं, यातलं फारच थोडं त्याच्या हाती लागेल. हा दोष एखाद्या लेखिकेचा नव्हे. पाककृती हा साचाच पदार्थासाठी घडलेला आहे: नाव, साहित्य, कृती. रोजचं जेवण त्या साच्यात मावत नाही, कारण तो सगळा बंदोबस्ताचा मामला असतो. घरात कोणतं धान्य आहे, जळण किती उरलंय, कोण किती वाजता कामाला जाणार, काल काय उरलं, बाजार कधी, या सगळ्याचा मेळ घालून जे निघतं ते जेवण. मराठी पाकपुस्तकांचा दीडशे वर्षांचा पट पाहिला तर हा मेळ लिहायचा राहून गेल्याचं दिसतं आणि तो का राहिला याची कारणंही त्याच पटात सापडतात.

छापखान्याआधीचं साहित्य या बाबतीत फार मदत करत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मांडे आहेत, वडे आहेत, भाजलेले उंदीर आणि कासवाचं मांससुद्धा आहे. पण तो ग्रंथ संस्कृतात आहे आणि त्याचा विषय राजाचे उपभोग हा आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी ‘भोजनकुतूहल’ रचलं. त्यांचा संबंध तंजावरच्या भोसल्यांशी आणि रामदासी वर्तुळाशी होता. भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. त्यात धान्यांचे, भाज्यांचे, पक्वान्नांचे गुणदोष आहेत, कधी काय खावं, कसं बसून खावं याचे नियम आहेत. पुढे तंजावरलाच सरफोजींच्या काळात राजवाड्यातल्या मुदपाकखान्याच्या कृती मराठीत लिहिल्या गेल्या. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ साली भारतीय पाकपुस्तकांवर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात एक निरीक्षण मांडलं आहे: आपल्या जुन्या परंपरेत खाण्याबद्दल आणि खाऊ घालण्याबद्दल भरपूर लिहिलं गेलं, धर्माच्या अंगाने आणि वैद्यकाच्या अंगाने, स्वयंपाकाबद्दल मात्र स्वतंत्र असं फार थोडं. मराठीपुरतं ते तंतोतंत लागू पडतं. चुलीपुढे बसणारी व्यक्ती लिहीत नव्हती आणि लिहिणारी व्यक्ती चुलीपुढे बसत नव्हती.

छापील मराठी पाकपुस्तकांची सुरुवात सहसा रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५च्या ‘सूपशास्त्रा’पासून मोजतात. लेखक पुरुष आहे हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे. लिहिता-वाचता येणाऱ्या बायका त्या काळी बोटांवर मोजण्याइतक्या, तेव्हा हे पुस्तक घरातल्या बाईने वाचून स्वयंपाक करावा अशी अपेक्षा कितपत असेल याची शंकाच आहे. पस्तीस वर्षांनी, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आलं आणि चित्र पालटलं. आता लिहिणारी बाई होती, वाचणारीही बाई होती. शाकाहाराबरोबर मांस-मासळीलाही त्यात मोकळेपणाने जागा मिळाली. त्यानंतरच्या पुस्तकांतलं एक इथे मुद्दाम नोंदवायला हवं. मुंबईच्या सारस्वत महिला समाजाची ‘रसचंद्रिका’ आधी मराठीत निघाली आणि नंतर इंग्रजीत गेली. घरात कोंकणी बोलणारा, मूळचा कारवार-कानडा किनाऱ्याचा समाज मुंबईत येऊन स्थिरावतो, आणि मग त्याला आपल्या स्वयंपाकाचं पुस्तक लागतं. कानड्यातल्या घरात राहणाऱ्या मुलीला ते लागत नव्हतं. तिच्यापुढे आई होती, आत्या होती, परसात केळ आणि तिरफळ होतं. पाकपुस्तकं कुठे जन्मतात याचं उत्तर यात आहे. हाताखाली शिकण्याची साखळी जिथे तुटते तिथे ती जन्मतात. म्हणून पुस्तकांच्या संख्येवरून एखाद्या समाजाचा स्वयंपाक किती समृद्ध होता हे ठरवता येत नाही. तो समाज केव्हा आणि किती हलला, एवढं मात्र त्यावरून नक्की कळतं.

या दृष्टीने पाहिलं की १९७० साली आलेल्या ‘रुचिरा’चं यश नीट उलगडतं. कमलाबाई ओगले यांचा जन्म १९१३चा, सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचा, शाळा चौथीपर्यंत. त्यांच्या पुस्तकाच्या लाखाहून जास्त प्रती खपल्या आणि ‘एक लाख सुनांची सासूबाई’ असं त्यांना कौतुकाने म्हटलं गेलं. त्या यशाचं श्रेय नेहमी सोप्या भाषेला दिलं जातं. ते खरंच आहे, पण माझ्या मते खरी करामत मापात होती. शेर-छटाक गेले होते, ग्रॅम आले होते आणि घरात तराजू नव्हता. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा घेतला. वाटी लहान असो की मोठी, तीच वाटी शेवटपर्यंत वापरली तर प्रमाण बिघडत नाही. दोघांचं करायचं की सहांचं, तेवढ्याच वाट्या वाढवायच्या. चौथी शिकलेल्या बाईने केलेलं हे प्रमाणीकरण कुठल्याही गृहविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त घरांत पोचलं. आणि वेळही नेमकी साधली. पुण्या-मुंबईत, ठाण्या-नाशकात बँकांतल्या आणि कारखान्यांतल्या नोकऱ्यांमुळे दोन खोल्यांचे संसार उभे राहत होते. १९५९पासून प्रेशर कुकर इथेच बनू लागले होते, साठच्या दशकात देशी मिक्सर आला, गॅसच्या नळकांड्यासाठी नंबर लावले जात होते. पाटा-वरवंट्याचं वाटण आणि चुलीवरची डाळ यांची सगळी गणितं बदलली होती आणि जुनं गणित सांगणारी सासू गावी होती. लग्नात ‘रुचिरा’ अहेर म्हणून देण्याची चाल पडली. अमेरिकेला निघालेल्या मुलींच्या बॅगेत ती गेली. मंगला बर्वे यांच्या ‘अन्नपूर्णा’नेही हेच काम आपल्या पद्धतीने केलं. या पुस्तकांनी रोजचा स्वयंपाक शिकवलाच नाही असं म्हणणं हा शुद्ध अन्याय होईल. वरण, आमटी, उसळ, भात, पोळी हे सगळं त्यांनी शिकवलं आणि ज्यांना शिकवलं त्यांची पोटं भरली.

मर्यादा सुरू होते ती वाटीच्या पलीकडे. वाटी गृहीत धरते की डबा भरलेला आहे. बहुतेक पुस्तकांची प्रकरणं पाहा: चटण्या-कोशिंबिरी, भाज्या, आमट्या-सार, भाताचे प्रकार, पोळ्या-पुऱ्या, पक्वान्नं. हा अनुक्रम पंगतीच्या पानाचा आहे, डावीकडून उजवीकडे वाढत जाणारा. रोजच्या घरातला अनुक्रम वेगळा असतो. तिथे आधी धान्य ठरतं, मग त्याला लावायला काय हे ठरतं. ज्वारीची भाकरी असेल तर पिठलं, झुणका, डाळ-कांदा किंवा नुसती चटणी. बाजरीची असेल तर वांगं किंवा मेथी. भात असेल तर त्याला कढी, आमटी किंवा माशाचं कालवण. मराठवाड्यात येसर भाजून-दळून ठेवलेलं असलं की पाण्यात कालवून फोडणीला टाकायचं, आमटी तयार. वर्षाकाठी एकदा मेहनत करायची आणि पुढे रोजची दहा मिनिटं वाचवायची, हा त्यामागचा हिशेब. उन्हाळ्यात सांडगे, कुरडया, बाजरीच्या खारोड्या, खानदेशात ज्वारीचे बिबडे, हरभऱ्याचा वाळवलेला पाला, आमसुलं, हे सगळं पावसाळ्याच्या भाजीटंचाईवर केलेलं नियोजन. कारळ्याची आणि जवसाची चटणी, दाण्याचा कूट हा घरातला तेलाचा आणि प्रथिनांचा साठा. पहिल्या पावसानंतर सह्याद्रीच्या उतारावर टाकळा, कुर्डू, शेवळं, भारंगी येतात. त्यातलं शेवळं काकड्याच्या फळांशिवाय किंवा चिंच-आमसुलाशिवाय केलं तर घशाला खाज सुटते. काय केव्हा खायचं आणि कशाशिवाय खायचं नाही, हे ज्ञान महिन्यांच्या हिशेबाने बांधलेलं आहे. पदार्थांच्या यादीत ते विखरून जातं.

एक उदाहरण जवळून पाहू. भाकरी. पुस्तकात तिला सहसा दोन-चार ओळी मिळतात: पीठ, पाणी, चिमूटभर मीठ, मळा, थापा, भाजा. प्रत्यक्षात ज्वारीत गव्हासारखं ग्लूटेन नसतं, त्यामुळे पीठ धरून ठेवायला दुसरं काही लागतं. ताज्या दळणाला विरी असते, तिला कोमट पाणी चालतं. पंधरवडा उलटला की विरी जाते, थापताना कडा फाटतात. मग आधणाचं पाणी घालून पीठ उकडून घ्यावं लागतं, म्हणजे त्यातला स्टार्च फुगून चिकट होतो. मंगळवेढ्याकडची मालदांडी आणि खरिपातली हायब्रीड यांना एकच पाणी लागत नाही. पीठ एका भाकरीपुरतंच घ्यायचं, परातीत तळहाताच्या टाचेने रगडायचं, खाली कोरडं पीठ भुरभुरून बोटांच्या पेरांनी कडेकडेने थापत फिरवायचं. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर आणि तिच्यावर लगेच पाण्याचा हात. ते पाणी अर्धवट सुकलं की उलटायची. आधी उलटली तर चिकटते, उशीर झाला तर भेगा पडतात. दुसरी बाजू भाजली की तवा उतरवून ती आरावर शेकायची, म्हणजे टम्म फुगून पापुद्रा सुटतो. गॅसवर हेच करताना जाळ एका जागी लागतो, म्हणून हात सतत हलता ठेवावा लागतो. हे सगळं लिहिता येतं, आता लिहिलंच की. पुरणाला, पाकाला, चकलीच्या भाजणीला जितकी बारकाईने जागा दिली गेली तितकी भाकरीला दिली गेली नाही, कारण ती सगळ्यांना येते असं मानलं गेलं. आज पुण्यातल्या तिशीतल्या किती जणांना ती येते, हे ज्याने त्याने आपल्या ओळखीत मोजून पाहावं.

भाकरीच्या बाबतीत वगळणं निष्काळजीपणातून झालं असेल. दुसऱ्या एका बाबतीत मात्र ते जातीतून झालं. भारत सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीत २०१४ साली पंधरा वर्षांवरच्या लोकांना आहाराबद्दल विचारलं होतं. महाराष्ट्रात मांसाहारी साधारण साठ टक्के निघाले. खपाच्या मराठी पाकपुस्तकांतून या राज्याची ओळख करून घेणाऱ्याला हा आकडा खोटा वाटेल. मटण-मासे त्यांत असले तरी शेवटच्या प्रकरणात, पाहुण्यासारखे. आणि त्यातही बोकडाची वजडी, मुंडी, रक्ती यांच्यापर्यंत पोचणारं पुस्तक विरळा. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं, तेव्हा मराठी पाकपुस्तकाच्या इतिहासात जी गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती ती झाली. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाचं खाणं त्यात आहे. गोमांस सुकवून केलेल्या चान्या आहेत, आतडी आणि रक्त आहे, त्याचबरोबर ज्वारी, डाळी आणि रानातला पाला आहे. या पुस्तकाचं मोल नव्या पदार्थांत नाही. प्रत्येक पदार्थाबरोबर तो पदार्थ का केला जात होता हे त्यात येतं: मेलेल्या जनावरावर कोणाचा हक्क, वाटे कसे पडत, भाकरी मागून आणणं म्हणजे काय, तेल नसताना फोडणीचं काय. पाककृतीला गावगाड्यापासून वेगळं करता येत नाही हे पाटोळ्यांनी दाखवलं, आणि एकदा ते दिसलं की उरलेल्या पुस्तकांतही तोच गावगाडा दिसू लागतो. फक्त त्यांना तो सांगायची गरज पडली नव्हती. भूषण कोरगावकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२४ साली प्रसिद्ध झाला आणि मग मराठी वर्तमानपत्रांनाही पुस्तक नव्याने सापडलं, हे आपल्याकडच्या रीतीला धरूनच झालं.

पाटोळे एकटे नव्हते. २००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्नस्मृती गोळा करून ‘इझन्ट धिस प्लेट इंडियन?’ ही पुस्तिका काढली होती. त्याही आधी आत्मकथनांनी हे काम केलं होतं. १९७८चं ‘बलुतं’, १९८६ साली पुस्तकरूपात आलेलं बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’, यांत काय खाल्लं आणि काय खायला मिळालं नाही याच्या नोंदी कोणत्याही पाकपुस्तकापेक्षा प्रामाणिक आहेत. खरं तर महाराष्ट्राच्या रोजच्या जेवणाचा सगळ्यात भरवशाचा दस्तऐवज दलित आत्मकथनांत आहे, आणि ग्रंथालयात त्यांचं कपाट पाकशास्त्राच्या कपाटापासून फार लांब असतं. पाटोळ्यांचं पुस्तक निघालं त्याच वर्षी, मार्च २०१५मध्ये, महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. म्हणजे त्यातल्या काही कृती छापल्या गेल्या तेव्हाच त्या करणं गुन्हा झाला होता. आगरी-कोळ्यांचं, भिल्ल-पावऱ्यांचं, मराठी मुसलमानांचं, गोव्यातल्या गावड्यांचं रोजचं खाणं अजून अशा एखाद्या लेखकाची वाट पाहतंय.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हलका नाही. ज्याला तुम्ही परंपरा म्हणता ती दारिद्र्याची मजबुरी होती. लोकांनी ती संधी मिळताच टाकली, आणि बरं केलं. हुलग्याचं माडगं, ज्वारीच्या कण्या, अंबाडीचा घाटा हे ज्यांनी सक्तीने खाल्लं त्यांना त्यांचं कौतुक नको आहे. १९७२च्या दुष्काळात वाटलेली सुकडी आणि रेशनवरचा परदेशी लाल मिलो आठवणाऱ्या माणसाला ‘पारंपरिक भरडधान्य’ या शब्दांची चीड येणं समजू शकतं. गव्हाची पोळी ही त्या पिढीची आस होती, सणावारी मिळणारी. ती रोजची झाली ही प्रगतीच. हे सगळं मान्य करूनही आक्षेपाचा निष्कर्ष मान्य करता येत नाही, दोन कारणांसाठी. एक तर लोकांनी ज्वारी टाकली असं म्हणताना ती किती त्यांच्या निवडीने सुटली हे पाहिलं पाहिजे. रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ आले. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलोने ठरवलं, आणि २०२३पासून तर ते फुकट मिळतं. कायद्यात भरडधान्यही एक रुपयाने होतं, दुकानात क्वचितच. तिकडे शेतकऱ्याने सोयाबीन आणि ऊस धरला. एके काळी राज्यात साठ लाख हेक्टरच्या आसपास असलेलं ज्वारीचं क्षेत्र आता निम्म्याच्याही बरंच खाली आलं आहे. मग बाजारात ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली, २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं आणि भाकरीची थाळी हॉटेलात गेली. ज्याच्या आजीला ज्वारीशिवाय पर्याय नव्हता त्याला आज ती परवडत नाही. दुसरं कारण असं की लिहून ठेवणं म्हणजे शिफारस करणं नव्हे. टंचाई संपावी, पण टंचाईत घडलेलं कसब तिच्याबरोबर पुरलं पाहिजे असं कुठे आहे? मूठभर डाळीत सहा जणांचं कालवण उभं करणं हे कसब होतं, आणि ज्या घरात आजही महिनाअखेर येते तिथे ते उपयोगाचं आहे.

दुसरा आक्षेप बायकांच्या बाजूने येतो आणि तो मला पहिल्यापेक्षा जड वाटतो. रोजच्या स्वयंपाकाचं गुणगान कराल तर ते कोणाच्या कष्टावर? २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषांची ९७, असं निघालं. आणि पुरुषांमधले मुळात पाव हिस्साच ते करतात. पाच तासांतला मोठा भाग चुलीपाशी जातो हे सांगायला पाहणी नको. पाकपुस्तकाने या कष्टांवर पांघरूण घातलं हे कबूल करावंच लागेल. ‘वेळ: वीस मिनिटं’ असं जेव्हा छापलं जातं तेव्हा डाळ निवडणं, दळण आणणं, पाणी भरणं, भाजी मोडणं, भांडी घासणं हे कुठेच धरलेलं नसतं. पण यावरचा उपाय न लिहिणं हा नव्हे, कष्ट धरून लिहिणं हा आहे. रोजच्या जेवणाला मोल असतं हे गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. एकट्याने मुंबईत राहणाऱ्या गिरणी कामगारांना त्या दोन वेळचं जेवण महिन्याच्या बोलीवर देत होत्या. सावकाराच्या पाशातून त्यांना सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. धान्य किती, डोकी किती, सुटतं काय, ही त्या बायकांची पाकविद्या होती. आजच्या शहरातही रोजच्या पोळ्या बऱ्याच घरांत पगारी बाईच्या हातच्या असतात किंवा पोळी-भाजी केंद्रातून येतात. पुस्तकात मात्र अजून गृहिणीच उभी आहे, रिकाम्या वेळाची आणि भरल्या डब्यांची.

आता कोणी म्हणेल, हे सगळं यूट्यूबने केलं, तुम्ही पुस्तकांच्या नावाने कशाला रडता? अर्धं खरं आहे. ‘मधुराज् रेसिपी’ने ‘रुचिरा’चं काम नव्या पिढीसाठी केलं. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून ‘आपली आजी’सारखी वाहिनी लाखो लोकांपर्यंत गेली आणि ज्या बोलीला, ज्या परातीला आणि ज्या मसाल्याला छापील पुस्तकाने दारात उभं केलं नव्हतं ती थेट आत आली. भाकरीचा हात हलताना दिसतो, हा लाभ तर कुठलंही पुस्तक देऊ शकत नाही. पण दाखवण्याचा व्यवहारही पदार्थच मागतो. कॅमेऱ्याला तर्री लागते, म्हणून रोज दोन चमचे तेलात होणारी आमटी पडद्यावर पाव वाटी तेलात होते. ‘हॉटेलसारखी’, ‘लग्नातल्यासारखी’ असं शीर्षक दिल्याशिवाय बघणारे येत नाहीत. सलग चौथ्या दिवशी तेच पिठलं दाखवायची सोय नाही, आणि रोजच्या जेवणाचं तर तेच मुख्य लक्षण आहे. भाव सांगितला जात नाही, सांगितला तरी दोन वर्षांनी कुठल्या सालचा ते कळत नाही. वाहिनी बंद पडली की सगळं गेलं. पुस्तक निदान रद्दीवाल्याकडे तरी सापडतं.

तेव्हा उणीव कशाची आहे हे आता नेमकं सांगता येईल. एका तालुक्याचं, धान्यवार आणि महिनावार रचलेलं, शिळ्या-उरल्याला स्वतंत्र प्रकरण देणारं, भाव आणि इंधन नोंदवणारं, फसलेलं कसं सावरायचं हे सांगणारं पुस्तक मराठीत हवं आहे. दुर्गाबाई भागवतांसारख्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाला ‘खमंग’ लिहावंसं वाटलं, यावरून या विषयाचा आवाका सुचतो. पण तो आवाका एकट्या माणसाच्या हौसेवर सोडण्यात अर्थ नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाचं महाविद्यालय आहे, स्त्री अभ्यास केंद्रं आहेत, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आहे; यांतल्या कुणालाही हे काम परकं नाही. ते सुरू होईल तेव्हा होईल. येसर भाजणाऱ्या, माडगं करणाऱ्या, आधणाच्या पाण्यात विरी गेलेलं पीठ सावरणाऱ्या बायकांमधल्या बहुतेक जणी आज सत्तरीच्या पुढे आहेत. ज्यांच्या घरात अशी कोणी आहे त्यांनी वही काढावी, आणि पदार्थाच्या नावाआधी गाव, महिना, धान्य, त्याचा भाव, जळण आणि करणारीचं नाव एवढं लिहावं. कृती त्याखाली लिहिली तरी चालेल.